घमेलं ठेवून गेलेला माणूस

साईनगर, अमरावती
४ मार्च २०२५

ती. बाईस,
जानरावचा साष्टांग नमस्कार.

जीवन आता येणार नाही. आज दुपारी किशोरनं स्वतः बडनेऱ्याला जाऊन खात्री करून घेतली. अ‍ॅपवर त्याच्या दुकानाचा म्हणून जो पत्ता होता, तिथं टायरचं दुकान आहे आणि तेही दिवाळीपासून बंद. किशोर शटरसमोर उभा राहिला, तेवढ्यात समोरच्या चहावाल्यानं विचारलं, "बाथरूम का किचन?" किशोर म्हणाला, "बाथरूम." तर तो म्हणतो, "तुमच्या आधी तिघं येऊन गेले भाऊ. मले तं आता इथं पाटीच लावा लागते." पोरानं घरी येऊन हे सांगितलं आणि हसला. मला हसू आलं नाही.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मी ओरडून बोललो की तुझ्याआधी शेजाऱ्यांना कळतं, म्हणून नेहमीप्रमाणे पत्र. सगळं पहिल्यापासून सांगतो.

सुंदराच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, हे तुला नवीन वर्षाच्या पत्रात लिहिलंच होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं की घरी नेण्याआधी कमोड बसवा, धरायला दांडी लावा, फरशी न घसरणारी टाका. आमचं खालचं बाथरूम दादांच्या वेळचं. फेब्रुवारीच्या सुरुवातीला एक फोन आला. "काका, घरसोबती अ‍ॅपवरून जीवन बोलतो. तुमच्याकडे बाथरूमचं काम आहे ना?" मला वाटलं, किशोरनं नाव टाकलं असेल. किशोरला वाटलं, मी टाकलं. बापलेकांनी एकमेकांना विचारलं नाही. जीवन म्हणाला, "आधी आमचे अभिप्राय वाचा, मग बोला." किशोरनं फोनवर काढून दाखवलं, तर सगळ्यात वर तुझं नाव! पाच तारे. "बाथरूमचं काम मनासारखं झालं. घरच्यासारखा मुलगा. कौशल्या ढोरे, अकोला." खाली फोटो, पांढरीशुभ्र फरशी, कमोड, चकचकीत दांडी. सुंदरा म्हणाली, "बाईनं सांगतलं नाही आपल्याले, एवढं चांगलं काम करून घेतलं तं." मग आणखी काय पाहायचं होतं?

माणूस आला तोही गोड. मी आपल्या सवयीनं विचारलं, कोणाकडचे? "शेंदूरजनाघाटचा," म्हणाला, म्हणजे आपल्याच गावचा. दादांचं नाव निघालं, संत्र्याच्या बागेचं निघालं, बोलता बोलता तो आमच्या नात्यातलाच झाला. काम अ‍ॅपवर नोंदवलं होतं. तो म्हणाला, "काका, अ‍ॅपवाले मधल्यामधी खातात. बुकिंग रद्द करा, तेवढंच तुमचं वाचते." रद्द केलं. उचल दिली, पावती घेतली नाही. गावच्या पोराला पावती मागायची म्हणजे पाहुण्याचा खिसा चाचपण्यासारखं. आता अ‍ॅपवाले म्हणतात, तुमचं बुकिंगच नाही तर तक्रार कशाची?

एकटी सुंदरा बोलली होती. तिनं त्याला संत्रं दिलं. तो सोलून खाऊ लागला आणि म्हणाला, "आंबिया लय गोड हाय काकू." तो गेल्यावर ती मला म्हणते, "हा पोरगा शेंदूरजनाचा नाही. फेब्रुवारीत मृगाचं संत्रं खाऊन राह्यला अन् आंबिया म्हणते. आंबिया तं दिवाळीच्या मागंपुढं सरते." मी म्हटलं, आजकालच्या पोरांना बहार कुठला कळतो?

दोन दिवसांत त्यानं भांडं उखडलं, फरशी फोडली, पाइप कापले. मग, "फरशा घेऊन येतो, सामान इथंच ठेवतो काका," म्हणून गेला. सामान म्हणजे एक घमेलं, एक थापी आणि सिमेंटची दोन पोती. सामान ठेवलंय म्हणजे माणूस येणार, या भरवशावर आम्ही महिनाभर बसलो.

पैशाचं राहू दे. खरी अडचण पुढं आहे. २४ मार्चला ऑपरेशन. वर किशोरच्या खोलीला एक संडास आहे, पण ती जिना चढणार कशी? तारीख सोडली तर पुढची जून-जुलैत, आणि ती आताच भिंत धरून चालते. म्हणून विचारतो. दवाखान्यातून तिला थेट तुझ्याकडे आणलं तर चालेल का? दीड महिन्याचा प्रश्न आहे. तुझं बाथरूम तयार आहे. मी सोबत राहीन, स्वयंपाक मी करीन, हवं तर तू नावं ठेव.

तुझा,
जानराव


डाबकी रोड, अकोला
८ मार्च २०२५

चि. जानरावास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून जीव थोडा थोडा झाला. मेल्याचं तळपट होवो. पण तुझाही शहाणपणा काय सांगावा? पोस्टात जन्म गेला, रजिस्टर पत्राची सही घेतल्याशिवाय कोणाला पाकीट दिलं नाहीस, आणि या पोराला पावतीशिवाय उचल दिलीस! दादा असते तर म्हणाले असते, जान्या भोळा तो भोळाच.

सुंदराला इकडे आणायचं म्हणतोस. माझ्या मनात नाही असं नाही, पण तू अकोल्याचा उन्हाळा विसरलास. मार्च लागला आणि दुपारी अंगणात पाय ठेववत नाही. नळ कधी येईल सांगता येत नाही, आला तर तासभर. ऑपरेशनच्या माणसाला पाणी सढळ हवं. शिवाय माझे कान. तिनं हाक मारली आणि मला ऐकूच आली नाही तर? पडली-बिडली तर तू मलाच बोल लावशील. ऑपरेशन पावसाळ्यानंतर केलं तर? इतकी वर्षं काढली, आणखी चार-सहा महिने.

वरूडला तिची बहीण ज्योत्स्ना आहे ना? तिच्याकडे विचारून पाहा.

एक विचारते. ते घमेलं आणि पोती अजून तुमच्याकडेच आहेत ना? टाकू नका. झाकून ठेवा. सिमेंटला ओल लागू देऊ नका. कधी कधी माणूस अडचणीत असतो, उशिरा येतो.

प्रकृतीला जप.

कौशल्या


साईनगर, अमरावती
१२ मार्च २०२५

ती. बाईस,
सा. न.

तुझं पत्र सुंदरानं दोनदा वाचलं. घडी करून माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "बाईले म्हणा, मी काही रुसली नाही. पण ऊन अन् नळ मले नका सांगू. मी अकोल्यात राह्यली आहे."

राहिलीच होती. भाऊजी आजारी होते तेव्हा मला घरी एकट्याला टाकून ती दोन महिने तुझ्याकडे होती. भर मे महिना होता. नळ तेव्हाही तसाच होता. भाऊजींचं सगळं तिनं केलं, अगदी सगळं. हे मी हिशेब म्हणून लिहीत नाही. पण तू ऊन लिहिलंस म्हणून आठवलं.

ज्योत्स्नाचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे, तुला माहीत आहे. तारीख मी बदलणार नाही. डॉक्टर म्हणतात, दुसरा गुडघाही आता त्याच वाटेवर आहे.

आणि तो माणूस अडचणीत असेल, असं तुला कसं वाटलं? तुझं काम त्यानं चांगलं केलं म्हणून त्याची बाजू घेतेस का? चहावाल्याकडे आणखी दोघं येऊन गेले.

शनिवारी किशोर कामानिमित्त अकोल्याला येतोय. त्याच्यासोबत मृगाची संत्री पाठवतो. तुझ्या हातचं जेवून येईल. तुझं बाथरूम नीट बघून ये, असं मी त्याला सांगितलंय. मोजमाप मिळालं तर दुसऱ्या मिस्त्रीला दाखवता येईल.

जानराव


साईनगर, अमरावती
१७ मार्च २०२५

बाई,

किशोर परत आला. त्याच्या आईनं खोदून विचारलं तेव्हा सांगितलं.

उन्हातून आलेलं पोर. हातपाय धुवायला आत जाऊ लागलं तर तू दारात आडवी उभी राहिलीस. बादली आणि तांब्या अंगणात आणून दिलास, तिथंच त्यानं पाय धुतले. ताट ओसरीत वाढलंस. "आत्या, बाबांनी बाथरूमचं माप आणायला सांगितलं आहे," म्हटलं तर म्हणालीस, ऐकू येत नाही. तीनदा म्हटलं, तीनदा ऐकू आलं नाही. "संत्री गोड आहेत का रे?" हे मात्र विचारलंस आणि त्याचं उत्तर ऐकू आलं. चारच्या आत त्याला वाटेला लावलंस.

दूधवाल्यालाही कोणी असं वागवत नाही. किशोरला तू पाळण्यात जोजवलंस. तो म्हणाला, "बाबा, आत्याकडं कोणी आजारी-बिजारी नाही ना?" मी म्हटलं, नाही. नवीन फरशीवर आपले पाय नकोत, एवढंच.

सुंदराला काय सांगू? तिनं आज तुझ्यासाठी आणलेली साडी परत कपाटात ठेवली. तू घरी सांभाळणार म्हणून तुला द्यायची होती.

आता मी पुन्हा विचारणार नाही. २४ ला ऑपरेशन होईल. पुढचं आमचं आम्ही पाहू.

जानराव


डाबकी रोड, अकोला
२० मार्च २०२५

चि. जानराव,

माझ्याकडे बाथरूम नाही.

डिसेंबरपासून नाही. किशोरला दारात अडवलं ते याच्यासाठी. आत आला असता तर भोक पडलेली जमीन आणि प्लास्टिकची पिशवी कोंबलेला पाइप त्याला दिसला असता. मी आंघोळीला आणि सगळ्यालाच शेजारच्या गीतांजलीकडे जाते. बादली घेऊन, सकाळी तिची माणसं उठायच्या आत. फोटोत पांढरी फरशी पाहिलीस ते बाथरूम माझं नाही. कोणाचं आहे, मलाही माहीत नाही.

नोव्हेंबरात नळ गळत होता. गीतांजलीच्या पोरीनं, आकांक्षानं, माझ्या फोनमध्ये ते अ‍ॅप टाकून दिलं. जीवन आला. नळ असा नीट केला की आजवर थेंब नाही. चहा प्यायला, मला मावशी म्हणाला. माझ्या कानाशी मोठ्यानं बोलायचं पण ओरडायचं नाही, हे त्याला आपोआप जमलं. फोनवरसुद्धा त्याचं मला ऐकू येतं. आपल्या घरात ते कोणालाच जमत नाही. मी त्याला कोणाकडचा म्हणून विचारलं. त्यानं उलट मलाच विचारलं, "तुमचं माहेर कोनतं मावशी?" मी सांगितलं, शेंदूरजनाघाट. म्हणाला, "माझंही तेच." किती आनंद झाला म्हणून सांगू.

नळाचे पाच तारे मी मनापासून दिले. मग बाथरूमचं काम निघालं. तेच सगळं, बुकिंग रद्द करा, उचल द्या. दोन दिवस फोडाफोडी आणि मग, "सामान इथंच ठेवतो मावशी." एक घमेलं, एक थापी, दोन पोती. तुझं पत्र आलं आणि घमेल्यापाशी येऊन मी थांबले. जान्या, तो प्रत्येक घरी एक घमेलं ठेवतो. मी माझं जुन्या चादरीनं झाकून ठेवलं होतं. पोती आता दगड झालीत.

महिनाभरानं त्याचा फोन आला. "अ‍ॅपवर नळाच्या ताऱ्यांखाली बाथरूमबद्दल दोन शब्द टाका मावशी, म्हणजे वरून मालाचे पैसे सुटतात, परवा माणसं पाठवतो." ते दोन शब्द माझेच आहेत. तू वाचलेलं ते वाक्य मी गीतांजलीच्या बाथरूमबाहेर बादली घेऊन उभी असताना लिहिलं. फोटो त्यानं नंतर चिकटवला.

तुला का नाही सांगितलं? जान्या भोळा आणि कौशल्या शहाणी, हे दादांनी ठरवून ठेवलेलं. सत्तरी ओलांडल्यावर ते कसं उलटू देऊ? तुझं पहिलं पत्र आलं त्याच दिवशी लिहायला हवं होतं. मी ऊन लिहिलं.

सुंदराला म्हणावं, माझं दार तिला बंद नाही. पण दारामागं काही नाही.

कौशल्या


साईनगर, अमरावती
२३ मार्च २०२५

ती. बाईस,
सा. न.

पत्र मिळालं. सुंदराला वाचून दाखवलं. "प्रत्येक घरी एक घमेलं ठेवतो" इथं ती हसली, नंतर बादलीवर आली तेव्हा रडली. म्हणाली, "तीन महिने दुसऱ्याच्या दारात बादली घेऊन! अन् आपण तिले साडी नाही म्हटलं." साडी पुन्हा कपाटाबाहेर काढली आहे. तिचा राग फार टिकत नाही, तुला माहीत आहेच.

माझ्याही मनातलं जळमट गेलं. तू फसलीस, मीही फसलो. आपण दोघं एकाच आईची लेकरं, एवढंच सिद्ध झालं. ऑपरेशन उद्याच आहे. किशोरनं चौकातून मोतीराम मिस्त्रीला आणलंय. त्याचं घर गल्लीच्या टोकाला आहे आणि त्याची बायको रोज सुंदराला दिसते. त्यानं कागदावर लिहून दिलं, पैसेही काम होईल तसे घेतो. निदान कमोड बसेल. फरशी नंतर.

पण रात्रभर एक गोष्ट डोक्यात फिरली, ती तुला विचारतो.

मी लिहिलं होतं, दादांचं नाव निघालं. मला वाटत होतं मीच काढलं. सुंदरा म्हणते, नाही. ती चहा घेऊन आली तेव्हा तो म्हणत होता, "पंजाबराव वानखड्यांचे पोरगे ना तुमी!" आणि मी फुललो. तिला आणखी एक आठवलं. त्यानं आत येता येता विचारलं होतं, "काकू, डावा गुडघा लय दुखते काय?" आम्हाला वाटलं, चालण्यावरून ओळखलं.

आणि फोन. पहिला फोन त्याचा आला. आम्ही तोवर अ‍ॅप उघडलंही नव्हतं. किशोरनं तपासलं, फेब्रुवारीआधी आमचं नाव त्यात कुठंच नाही.

मग त्याला माझा नंबर कोणी दिला?

तू चहाच्या वेळी सहज बोलली असशील. भाऊ आहे, पोस्टात होता, वगैरे. तसं असेल तर तसं लिही. मी वाट पाहतो.

जानराव


डाबकी रोड, अकोला
२७ मार्च २०२५

चि. जानराव,

सुंदराचं ऑपरेशन नीट झालं, हे किशोरनं आकांक्षाच्या फोनवर कळवलं. देवाची कृपा.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. सहज बोलले नाही.

जानेवारीत त्याचा फोन आला. "मावशी, माझे पैसे अडकले. ओळखीतलं एखादं काम द्या, त्या उचलीतून तुमच्या फरशा आणतो. परवा येतो." तुझं नवीन वर्षाचं पत्र समोर पडलं होतं. मी त्याला त्यातून वाचून दाखवलं. सुंदराचा डावा गुडघा, बाथरूम, सगळं. दादांचं नाव सांगितलं. म्हटलं, हे नाव काढ, म्हणजे तो काही विचारणार नाही. मग तुझा नंबर दिला.

मला कल्पना नव्हती, असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. होती. मी स्वतः बादली घेऊन उभी होते आणि तुझा नंबर देत होते. मनाला एवढंच सांगितलं की मी एकटी बाईमाणूस म्हणून मला झुलवतो, तिथं जानराव आहे, किशोर आहे, तिथं त्याची हिंमत होणार नाही. तुझं काम पूर्ण होईल आणि माझंही. असं मनाला तीन-चार दिवस सांगितलं की मन ऐकतं.

यापुढे तू काय म्हणशील ते खरं.

मी काल दोन गोष्टी केल्या. आकांक्षाला बसवून तो अभिप्राय बदलला. एक तारा. "बाथरूम फोडून पळून गेला. फोटो माझ्या घराचा नाही. याला माझ्या भावाचं घर मीच दाखवलं, तेही फोडून आला." खाली पूर्ण नाव आणि मोहल्ला. सोबत झाकलेल्या घमेल्याचा फोटो, चादर काढून.

तासाभरात त्याचा फोन आला. दीड महिना फोन बंद होता, तो आपोआप सुरू झाला. आकांक्षानं स्पीकर लावला.

"मावशी, असं काहून केलं? आपलं घरचं नातं होतं ना!"

मी म्हटलं, "म्हणून तं नाव पुरं लिवलं."

"चार गिऱ्हाइकं आज तुटली माझी. ते काढा. पुढच्या शनिवारी दहा वाजता दोन माणसं घेऊन येतो, दिवसात काम करून देतो. पण आधी पाच तारे करा."

"आधी काम," मी म्हटलं. "तारे कुठं जाऊन राह्यले?"

आज सकाळी गीतांजलीसोबत पोलीस चौकीत गेले. हवालदार म्हणाला, "आजी, अर्ज ठेवा. पण हे लोक पत्त्यावर सापडत नाहीत. तो दारात आला की फोन करा, आमी येतो." म्हणजे ५ एप्रिल, शनिवार, दहा वाजता. तो येईल असं वाटतं. पोटावर आलंय त्याच्या.

मी एकटी त्याच्यासमोर बसले तर काय होईल, मला सांगता येत नाही. तो मावशी म्हणेल, कानाशी येऊन बोलेल, आणि मी पुन्हा चहा टाकीन. तू ये, असं लिहायचा मला हक्क नाही. तरी लिहिते. ये.

कौशल्या


साईनगर, अमरावती
१ एप्रिल २०२५

बाई,

तुझं पत्र मी दवाखान्यात, सुंदराच्या खाटेपाशी वाचलं. तिनं विचारलं, काय लिहिलं बाईनं? मी म्हटलं, बरी आहे. पहिल्यांदाच तुझं पत्र तिला वाचून दाखवलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं माझ्या खिशातून काढून वाचलं. पाडव्याच्या दिवशी घरी आणलं. वॉकर घेऊन दारापर्यंत आली, मोतीरामच्या त्या सिमेंटच्या उघड्या भिंतीच्या बाथरूममध्ये एकटी जाऊन आली, आणि बाहेर येऊन म्हणाली, "त्याले तं मी सोडून देईन. त्यानं आपल्याले पाह्यलंही नव्हतं कधी."

मीही तेच म्हणतो. जीवननं ज्या दारातून प्रवेश केला, ते दार त्यानं फोडलं नाही. मी तुला लिहिलेलं पत्र तू त्याला वाचून दाखवलंस. एवढी वर्षं मी लोकांची पाकिटं बंद पोचवली. यापुढे तुला पत्रात काय लिहायचं, हे मला ठरवावं लागेल.

पण शनिवारी येतो. सकाळच्या पहिल्या एसटीनं मी आणि किशोर निघू. बडनेऱ्याच्या चहावाल्यानं दोन घरांचे नंबर दिले, त्यांच्यातले गजेंद्र म्हणून एक जण सोबत येतात. त्यांचं स्वयंपाकघर फोडलंय. त्यांच्याकडेही घमेलं आहे. आम्ही आमचं घेऊन येतोय. तुझंही बाहेर काढून ठेव. तिन्ही ओसरीत शेजारी शेजारी मांडू, तो फाटकातून आला की समोर दिसतील अशी. पळाला तर किशोर फाटकाशी असेल. हवालदाराचा नंबर आकांक्षाच्या हाती राहू दे, तिनं फोन लावायला उशीर करू नये. तोवर पाच तारे करू नको, कितीही मावशी म्हणाला तरी.

चहा टाकू नको. कोणाकडचा म्हणून त्याला विचारू नको, माहेरचं नाव काढू नको, दादांचं तर नाहीच. तो सांगेल ते ऐकून घे, आपण काही पुरवायचं नाही.

सुंदरानं मृगाची शेवटची चार संत्री पाठवली आहेत. तिचा निरोप जसाच्या तसा लिहितो: "एक संत्रं बाईनं आपल्या हातानं त्याले द्यावं. अन् तिनंच विचारावं, कोनता बहार म्हणून. मोठ्यानं विचारा म्हणा, सगळ्याइले ऐकू गेलं पायजे." साडी पाठवलेली नाही.

आम्ही डबा घेऊन येऊ. तुझ्याकडे जेवणार नाही. हातपाय धुवायला बादली अंगणातच ठेव. आत बोलावू नको, या वेळी आम्ही आपणहून अंगणातच धुऊ.

गाडी साडेआठला पोचते. तो दहाला येईल.

जानराव